चाव्यामागची वाट : वन्यप्राण्यांतील रोग आणि आपला तालुका

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात वन्यप्राण्यांच्या रोगांवर लेख कशासाठी, असा प्रश्न सन्माननीय विश्वस्तांच्या व देणगीदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण याच अहवालातील औषध-खरेदीच्या कोष्टकात सापडेल. रेबीज प्रतिबंधक लस आणि रेबीजचे सीरम या दोन नोंदी तेथे दरवर्षी असतात आणि वार्षिक सभेत त्यांविषयी हमखास विचारणा होते. अपघात, बाळंतपण, डेंग्यूचा ताप यांवर खर्च का होतो, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. चाव्यावरील खर्चाचे मूळ मात्र रुग्णालयाच्या आवारातून दिसत नाही. ते उसाच्या फडात, कालव्याच्या भरावावर, गावाबाहेरच्या उकिरड्यात, तर काही अंशी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात असते. ते उलगडून सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही वैद्यकीय पदवीधर नाही. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन रुग्णालयाच्या कारभारात उमेदीची वर्षे गेली. येथे जे लिहिले आहे ते आमच्या डॉक्टरांकडून व परिसरातील पशुवैद्यकांकडून समजून घेतलेले आहे. पाहण्याची रीत तेवढी हिशेबनिसाची आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात, पहाटेच्या सुमारास, मेंढपाळ कुटुंबातील एका कर्त्या पुरुषास त्याच्या भावांनी येथे आणले. त्यास पाणी गिळवत नव्हते. पेला जवळ आणताच घशात आचके येत. पंख्याचा वारादेखील सोसवत नव्हता. दीड महिन्यापूर्वी रानात मेंढ्यांच्या वाड्यालगत झोपला असता एक कोल्हा त्याच्या गालास चावून गेला होता. जखमेवर हळद आणि चुना लावला होता. इंजेक्शन घेतले नव्हते, कारण चावला तो कुत्रा नव्हता; आणि पिसाळतो तो कुत्राच, अशी त्या कुटुंबाची समजूत होती. डॉक्टरांनी त्यास तपासले व नातेवाइकांना बाजूस नेऊन काय आहे ते सांगितले. त्यानंतर थोरला भाऊ आमच्या कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, मेंढरं विकतो, किती खर्च येईल तेवढं सांगा." खर्चाचा अंदाज देणे हे आमचे रोजचे काम आहे. त्या दिवशी देण्यासारखा आकडा आमच्याजवळ नव्हता. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर खात्रीचा उपचार आजही नाही. जगभरात वाचलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

त्या कुटुंबाची समजूत अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. तशीच समजूत, जरा उलट बाजूने, सुशिक्षितांचीही असते. रोग रानात जन्मतो आणि रानातून गावात येतो, असे पुष्कळांना वाटते. आपल्या तालुक्यापुरते पाहिले तर वाट बहुतेक वेळा उलटी आहे. त्या कोल्ह्याला रेबीज झाला तो बहुधा कोणा गावकुत्र्याकडूनच. भारतात या रोगाचा मुख्य साठा कुत्र्यांमध्ये आहे. कोल्हा, लांडगा, मुंगूस, बिबट्या हे त्या साठ्यातून अधूनमधून उचल घेणारे. ते आपल्याइतकेच या रोगाचे बळी आहेत, हे लक्षात आल्यावर पुढील सारा हिशेब समजणे सोपे जाते.

अन्नाची वाट

रोगाचे जंतू स्वतः चालत नाहीत. एका प्राण्याने दुसऱ्याला चावावे, खावे, त्याचे उष्टे खावे किंवा एकाच ठिकाणी दोघांनी जमावे, तेव्हाच त्यांना पुढची गाडी मिळते. आणि प्राणी जमतात ते मुख्यतः अन्नापाशी. तेव्हा कोणता रोग कोठून कोठे गेला हे शोधायचे असेल, तर आधी कोणी काय खाल्ले याची पावती शोधावी, असे आम्ही आमच्यापुरते समजून घेतले आहे.

आपल्या तालुक्यातील अन्नाची मांडणी शंभर-सव्वाशे वर्षांत पार बदलली. गोदावरीच्या पाण्यासाठी नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, कालवे आले, आणि पूर्वी माळरान असलेल्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर तर उसाखालील क्षेत्र वाढतच गेले. पेरूच्या बागा, दुभती जनावरे, कोंबड्यांच्या शेड, शिर्डीच्या वर्दळीने वाढलेल्या खाणावळी, हे सर्व त्याच पाण्याच्या मागोमाग आले. माणसाच्या दृष्टीने ही समृद्धी झाली. प्राण्यांच्या दृष्टीनेही ती समृद्धीच होती. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. तेवढा काळ सावली, गारवा, पाणी, उंदीर, घुशी आणि लपण्यास जागा. खाली पडलेला पेरू कोल्हा आवडीने खातो. मेलेल्या कोंबड्या शेडच्या मागे टाकल्या की रात्री कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

या मांडणीतून एक मोठा खातेदार मात्र नाहीसा झाला आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल : गावाबाहेर बैल किंवा म्हैस मरून पडली की तासा-दोन तासांत आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि दुसऱ्या दिवशी तेथे हाडांखेरीज काही उरत नसे. १९९० च्या दशकात ही गिधाडे भराभर मरू लागली. प्रथम शास्त्रज्ञांना संशय आला तो संसर्गजन्य रोगाचाच. एखाद्या अज्ञात विषाणूची साथ गिधाडांत आली असावी, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. २००४ साली पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून खरे कारण पुढे आले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात शिल्लक राहते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. गुडघेदुखीसाठी माणसांना दिले जाते तेच हे औषध. आपल्या औषध भांडारातही ते आहे. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती.

जनावरे मरायची थांबली नव्हती. ते मांस आता कुत्र्यांच्या वाट्याला आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशातील कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. अशा अंदाजांत गृहीतके पुष्कळ असतात, व हिशेबनीस म्हणून आम्ही त्यातील शेवटच्या आकड्यापर्यंत विश्वास ठेवणार नाही. पण दिशा चुकीची आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही. गिधाड मेलेले मांस पचवते आणि कोणास चावत नाही. कुत्रे तेच मांस खाऊन वर्षातून दोनदा पिल्ले घालू शकते, टोळीने राहते आणि आपापसांत भांडते. रेबीजला याहून सोयीचे घर नाही.

चाव्यानंतर शरीरात काय होते

रेबीजचा विषाणू लाळेत असतो. चाव्यातून तो स्नायूत उतरतो आणि तेथून मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूकडे निघतो. रक्तातून तो धावत नाही; त्याची चाल अगदी संथ असते. म्हणूनच पायाला चावा असेल तर लक्षणे दिसण्यास साधारणतः दोन-तीन महिने, कधी त्याहून अधिक लागतात, आणि चेहऱ्यावरील चाव्यात हा काळ कमी होतो. या संथपणातच आपली संधी आहे. लस दिल्यावर शरीराला स्वतःची प्रतिकारद्रव्ये तयार करण्यास आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतच विषाणूला अडविण्यासाठी तयार प्रतिकारद्रव्ये टोचावी लागतात, तेच सीरम. लस हाताला देतात, सीरम मात्र जखमेच्या आत व भोवती भरतात. रुग्णाचे नातेवाईक अनेकदा विचारतात की एवढ्या महागड्या औषधाचे इंजेक्शन दुखऱ्या जखमेतच का. त्याचे उत्तर हे आहे.

मेंदूत पोहोचल्यावर विषाणू पुन्हा लाळग्रंथींकडे उतरतो आणि प्राण्याचा स्वभाव बदलतो. कोल्हा एरवी माणसाच्या चाहुलीने पळतो. तो भरदिवसा वस्तीत आला, भ्यायला नाही, दिसेल त्यास चावत सुटला, तर तो धीट झालेला नसून आजारी आहे असे समजावे. २०२४ साली मुंबईच्या चेंबूर भागात कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला, तेव्हा महानगराच्या मध्यावर खारफुटीत कोल्हे राहतात हे पुष्कळ मुंबईकरांना प्रथमच कळले.

येथे एक व्यावहारिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. चावलेले कुत्रे किंवा मांजर ओळखीचे असेल तर त्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्यास सांगतात. लाळेत विषाणू आलेला कुत्रा या मुदतीत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनी तो ठणठणीत असला तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे मानता येते. उपचार मात्र पहिल्याच दिवशी सुरू करावयाचे असतात, वाट पाहत बसावयाचे नसते. आणि हा दहा दिवसांचा नियम वन्यप्राण्यास लागू नाही. कोल्हा, लांडगा, मुंगूस, बिबट्या यांपैकी कोणीही चावले वा ओरबाडले तर प्राणी सापडो न सापडो, उपचार पूर्ण घ्यावयाचे. आमच्या मेंढपाळ रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच उलटे झाले होते. घरातील उंदीर चावल्यास सामान्यतः ही लस लागत नाही. तरीही ते डॉक्टरांनी ठरवावे.

दुधाविषयीही सांगितले पाहिजे, कारण आपला तालुका दुधाचा आहे. एखादी गाय पिसाळून मेली असे कळले की तिचे दूध गेलेल्या घरांतील माणसे एकाच वेळी रुग्णालयात येतात. एकदा तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली होती. उकळलेल्या दुधापासून रेबीजचा धोका नाही. न उकळलेले दूध प्यायल्याने माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी असे दूध घेऊ नये व कोणी घेतले असल्यास डॉक्टरांशी बोलावे. मात्र ज्याने त्या गायीच्या तोंडात हात घालून औषध पाजले, त्याने ताबडतोब यावे. अशा गर्दीत तो माणूस नेमका मागे उभा असतो.

बिबट्याचे ताट

बिबट्याविषयी आपल्याकडे भीती पुष्कळ आहे, आणि ज्यांच्या घरी दुर्घटना घडली त्यांच्यापुढे आकडेवारी मांडणे योग्य होणार नाही. तथापि आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास प्रत्येक देणगीदाराने जाणून घ्यावा असा आहे. शेती आणि वस्ती असलेल्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून ते काय खातात हे पाहिले गेले. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या आहारातील ८७ टक्के भाग पाळीव व गावठी प्राण्यांचा होता, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के होता. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाविषयी २०१८ साली असाच एक अंदाज मांडला गेला : तेथील सुमारे ३५ बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खातात आणि त्यामुळे शहरातील सुमारे एक हजार चावे टळतात.

हे वाचून बिबट्याचे आभार मानावेत की त्याची काळजी करावी, हा प्रश्न पडतो. आम्हांस दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. जो प्राणी कुत्रे खाऊन जगतो, त्याच्या ताटात कुत्र्यांचे रोगही येतात. रेबीजखेरीज कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा विषाणूजन्य रोग असतो. माणसाला तो होत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश या रोगाने दगावले, आणि संशय भोवतालच्या गावांतील कुत्र्यांवर गेला. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. तेथेही हाच विषाणू सापडला. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे, माळढोकासाठी राखलेल्या माळावर, गावकुत्री आणि खोकड यांच्या रक्ताची तपासणी झाली असता बहुतेक कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लागण होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. खोकडांतही त्या होत्या, पण कमी प्रमाणात. साठा कोठे आणि उचल कोठे, हे त्यावरून ध्यानात येते.

अलीकडचे उदाहरण नागपूरचे आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या मरण पावले. तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. कोंबडीच्या दूषित मांसातून तो आला असावा असा संशय व्यक्त झाला. महाराष्ट्राला हा रोग प्रथम कळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये. पुढे २०२१ साली परभणी जिल्ह्यात कोंबड्या आणि राज्यात इतरत्र कावळेही मेले. स्थलांतरित पाणपक्षी, कोंबडी, कावळा आणि अखेर वाघ, अशी ही साखळी आहे. आपल्या कालव्याला पाणी देणाऱ्या नांदूर मधमेश्वरच्या जलाशयावर दर हिवाळ्यात हजारो परदेशी पक्षी उतरतात. ते पाहण्यास जरूर जावे. पण मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, आणि कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर त्या उसात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

धान्य, उंदीर आणि पेरू

अन्नाच्या वाटेचा सर्वांत जवळचा धडा आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्याच्या भीतीने आसपासच्या पुष्कळ गावांत लोक घराबाहेर झोपू लागले. घरांत धान्य तसेच राहिले. ओस घर आणि भरलेली कणगी, यांहून उंदरांना आणखी काय हवे? पुढील वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला आणि लोकांच्या काखेत व जांघेत गाठी येऊ लागल्या. प्लेगचा जंतू रानातील उंदरांत वर्षानुवर्षे मुक्काम करून राहतो. त्यांच्याकडून घरातील उंदरांत व त्यांच्या पिसवांतून माणसांत येतो. उंदीर पडणे म्हणजे काय हे आपल्या आजोबांच्या पिढीस विचारावे लागत नसे. उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे त्यांना ठाऊक होते. मामल्याच्या तरुणांना ते कोणी सांगितले नव्हते.

राहात्याच्या पेरूंविषयीही दोन शब्द. वटवाघळे रात्री बागेत येतात आणि फळ कुरतडून टाकतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांपैकी काहींत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्याचे पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. याचा अर्थ येथे तो रोग पसरला आहे असा नव्हे, आणि या कारणाने वटवाघळांची झाडे तोडणे म्हणजे शुद्ध वेडेपणा होय. कुरतडलेले फळ मुलांनी खाऊ नये व ते विक्रीच्या पाटीत घालू नये, इतकेच. बहुतेक बागाईतदार ते आधीच पाळतात.

प्रत्येक रोग अन्नाच्याच वाटेने येतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, जो माकडताप पसरला तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो. तेथे जंगलात माकड मरून पडणे हीच धोक्याची पहिली सूचना असते. आपल्याकडे तो रोग नाही, म्हणून अधिक विस्तार करीत नाही.

आपल्या रुग्णालयाचे काम

वाट अन्नाची असेल तर उपायही त्याच वाटेने पाठविता येतो. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये खोकडांतील रेबीज आटोक्यात आणण्यासाठी कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्यात आली. खोकडांनी मुंडकी खाल्ली, लस घेतली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो देश या रोगातून मुक्त झाला. आपल्याकडे साठा कुत्र्यांत असल्याने लसही कुत्र्यांनाच द्यावयास हवी. शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्री मारून हे साधत नाही. मोकळ्या झालेल्या उकिरड्यावर शेजारच्या गावची, लस न घेतलेली कुत्री येतात. गोव्याने हे करून दाखविले. तेथे शासन व स्वयंसेवी संस्था यांनी मिळून वर्षाला एक लाखाच्या घरात कुत्र्यांना लस दिली, आणि २०१८ पासून काही वर्षे तेथे रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही.

कुत्र्यांच्या लसीचे काम आपल्या न्यासाच्या उद्दिष्टांत बसते की नाही, यावर विश्वस्त मंडळात मतभेद आहेत व ते येथे मांडणे उचित नाही. आमचे वैयक्तिक मत ते बसते असे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख माणसांना प्राणी चावतात, त्यांतील चारांपैकी तीन चावे कुत्र्याचे असतात, आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे दगावतात. चावा झालेल्या पाच जणांपैकी एकाने लसच घेतलेली नसते. या पाचव्या माणसासाठी रुग्णालयात बसून काही करता येत नाही.

जे येतात त्यांच्यासाठी काय होते, ते सांगतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, हा पहिला उपचार. तो खरे तर घरच्या नळावर किंवा शेतातील मोटारीवर व्हावयास हवा. त्यासाठी आम्ही बाह्यरुग्ण विभागाबाहेर स्वतंत्र नळ बसविला आहे. आपल्यापैकी ज्यांना पोटातील चौदा इंजेक्शने आठवतात त्यांना सांगावयाचे की ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आताची लस त्वचेत, दोन ठिकाणी, प्रत्येकी ०.१ मिलिलिटर, अशी चार वेळा दिली जाते : पहिल्या दिवशी, त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एका रुग्णास सगळी मिळून ०.८ मिलिलिटर लस पुरते. स्नायूत देण्याच्या पद्धतीत एका रुग्णास पाच कुप्या लागतात. त्या मानाने ही बचत मोठी आहे. पण उघडलेली कुपी सहा ते आठ तासांत संपवावी लागते. त्यामुळे एखाद्या दिवशी एकच रुग्ण आला तर उरलेली लस टाकून द्यावी लागते, आणि लेखापरीक्षकांना ती तूट दिसते. ती तूट म्हणजे गैरव्यवहार नव्हे, हे यानिमित्ताने नमूद करतो. सीरमची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरते व ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज गेल्यावर प्रथम कोणत्या कपाटाकडे धावावयाचे, हे आमच्या रात्रपाळीच्या शिपायासही ठाऊक आहे.

सर्वांत कठीण दिवस अठ्ठाविसावा. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. फडालगत कोपी घालून राहतात. सोबत बैल, मुले आणि राखणीची कुत्री असतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मुले कोपीत एकटी असतात, आणि फडातून उंदीर, कोल्हा, कधी बिबट्याची पिल्लेही निघतात. त्यांच्या मुलांना चावा झाला तर पहिल्या डोससाठी ती हमखास येतात, कारण मुकादम स्वतः घेऊन येतो. चौथ्या डोसपर्यंत फड संपलेला असतो आणि टोळी दुसऱ्या तालुक्यात, क्वचित दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. मागे एकदा आम्ही फोन करून एका आईस विचारले, तर ती म्हणाली, "आलो असतो, पण आता कुठल्या दवाखान्यात जायचं ते ठाऊक नाही, आणि तिथं काय सांगायचं तेही नाही."

त्या उत्तरावरून आम्ही कार्ड बदलले. पूर्वीच्या कार्डावर रुग्णालयाचे नाव मोठे होते आणि तारखा लहान अक्षरांत होत्या. आता पुढच्या बाजूस चार तारखा ठळक छापलेल्या असतात, दिलेल्या डोसवर शिक्का असतो, आणि कोणता प्राणी चावला, सीरम दिले किंवा नाही, लस त्वचेत दिली की स्नायूत, हे दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यातील डॉक्टरास वाचता येईल असे लिहिलेले असते. उरलेले डोस कोणत्याही सरकारी दवाखान्यात घ्यावेत, ही ओळ मागच्या बाजूस आहे. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतो, कारण कोपीत पाणी गळते. या पिशव्यांचा खर्च एका देणगीदाराने उचलला असून त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे दिलेले नाही.